काचेच्या नळीपासून घरच्या यंत्रापर्यंत

सोलापूरच्या नव्या पेठेत एखाद्या औषधाच्या दुकानात गेलात, तर तापमापकाशेजारी रक्तदाब मोजण्याचे यंत्र दिसेल. पट्टा दंडाला गुंडाळायचा, बटण दाबायचे, की मिनिटभरात आकडे हजर! पण सकाळी १५२ आणि दुपारी १३१ असे आकडे आले, की घरात वाद सुरू होतो : यंत्र बिघडले की माणूस? याचे उत्तर या यंत्राच्या इतिहासात सापडते.

स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मगुरूने एका घोडीच्या धमनीला उंच काचेची नळी जोडली. नळीत रक्त ८ फूट ३ इंच चढले आणि प्रत्येक ठोक्याबरोबर खालीवर होत राहिले. १७३३ साली त्याने हे प्रसिद्ध केले. एवढी उंच नळी वापरणार कशी? १८२८ मध्ये प्वाझेय याने रक्ताऐवजी पारा घेतला. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. त्यामुळे अडीच मीटरचा स्तंभ सुमारे २० सेंटीमीटरवर आला. आपण आजही रक्तदाब 'पाऱ्याच्या मिलिमीटर'मध्ये सांगतो, तो यामुळेच.

धमनी न कापता दाब मोजण्याची सोपी युक्ती १८९६ मध्ये इटलीतील रीवा-रोची याने काढली. दंडाभोवती हवेचा रबरी पट्टा फुगवायचा आणि मनगटाची नाडी थांबते तो दाब वाचायचा. त्याचा पट्टा अरुंद होता, म्हणून आकडा जास्त येई. १९०१ मध्ये रेक्लिंगहाउझेनने पट्टा रुंद केला. १९०५ मध्ये रशियातील कोरोत्कॉफने पट्ट्याखाली स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकले, तेव्हा खालचा आकडाही मिळू लागला.

दाब असा आकड्यात आला म्हणूनच औषधांची पारख करता आली. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांना सर्पगंधा देऊन काढलेले निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध झाले आणि आपल्याकडची ही जुनी मुळी जगभर पोचली.

मोजणी घरी गेली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. १९४० मध्ये आयमन आणि गोल्डशाइन या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णांना घरी दाब मोजायला शिकवले. घरचे आकडे दवाखान्यापेक्षा कमी आले! डॉक्टरांसमोर दाब वाढतो. म्हणून दवाखान्यात १४०/९० ही उच्च रक्तदाबाची सीमा मानतात, तर घरी सामान्यतः १३५/८५.

घरचे यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातील हवेची सूक्ष्म कंपने ते टिपते आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा गणिताने काढते. हे गणित प्रत्येक उत्पादकाचे वेगळे असते. म्हणून मान्य पद्धतीने तपासणी झालेलेच यंत्र घ्यावे, शक्यतो दंडाचे. दंडाचा घेर टेपने मोजून पट्टा निवडावा. लहान पट्टा आकडा फुगवतो, ही रीवा-रोचीच्या वेळचीच अडचण. नाडी अनियमित असेल तर डॉक्टरांना विचारावे.

आता हेल्सची नळी पुन्हा आठवा. हात हृदयापेक्षा १० सेंटीमीटर खाली असला, तर तेवढ्या उंचीच्या रक्तस्तंभाचा दाब, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर, आकड्यात मिसळतो. वर्गात हात लोंबता ठेवून व टेबलावर ठेवून मोजा. विद्यार्थ्यांना द्रवाचा दाब फळ्याविना समजेल.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसावे. सकाळ-संध्याकाळ, मिनिटाच्या अंतराने दोनदा, असे सात दिवस मोजावे. पहिला दिवस सोडून सरासरी काढावी.

सोलापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाने पाणी व मीठ जाते, आणि दाबाची गोळी घेणाऱ्याला उठताना चक्कर येऊ शकते. अशा वेळी घरची वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते. मात्र गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नये. आणि आकडा १८०/१२० च्या वर असून छातीत दुखणे, धाप किंवा बोलण्यात अडखळणे असेल, तर पुन्हा मोजत न बसता रुग्णालय गाठावे.

एक आकडा म्हणजे एक क्षण. घोडीच्या नळीतले रक्तसुद्धा कधी स्थिर उभे राहिले नव्हते.