टीव्हीवरचा वजनकाटा

'बिगेस्ट लूजर जीतेगा' आठवतंय का कुणाला? २००७ साली सहारा वनवर लागायचं, सुनील शेट्टी सूत्रसंचालक होता. जो सगळ्यात जास्त 'गमावेल' तो जिंकेल, असा नावातच श्लेष. जळगावात तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं, त्यामुळे त्यातून वाचेल तेवढाच भाग दिसायचा. तरी आमच्या घरातल्या बायकांनी तो जमेल तसा पाहिला.

त्याआधी आमच्याकडे वजन ही काही रोज बघायची गोष्ट नव्हती. बाई अंगाने भरलेली असली तर 'खात्यापित्या घरची' म्हणायचे, आणि त्यात कौतुकच जास्त असायचं. वजन करायचं ते रेल्वे स्टेशनावर. रंगीत दिवे फिरणारं ते उभं यंत्र, नाणं टाकलं की खट्‌कन पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर. त्यावर आकडा आणि सोबत भविष्य. लोक आधी भविष्य वाचायचे :)

मूळ कार्यक्रम अमेरिकेतला, ऑक्टोबर २००४ मध्ये सुरू झालेला. जाड माणसांना घरापासून दूर एका ठिकाणी ठेवायचं, रोज तासन्‌तास व्यायाम, खाणं मोजून. मग सगळ्यांसमोर भल्यामोठ्या काट्यावर उभं करायचं. आकडा वर-खाली नाचणार, संगीत थांबणार, कुणीतरी रडणार. ज्याचं कमी उतरलं त्याच्यावर घरी जायची टांगती तलवार. वजन कमी करणं इतकं कंटाळवाणं काम आहे की त्याचा तमाशा करायचा तर हा एकच मार्ग होता म्हणा.

पहिल्या वर्षीचा विजेता रायन बेन्सन. साधारण १५० किलोवरून ९४ वर आला. पुढे त्यानेच सांगितलं, की शेवटच्या वजनाआधी उपाशी राहून, पाणी तोडून लघवीतून रक्त जाईपर्यंत त्याने स्वतःला सुकवलं होतं. नंतर पाच दिवसांत नुसत्या पाण्याने साडेचौदा किलो परत आले, आणि काही वर्षांत तो पुन्हा जवळपास होता तिथेच पोचला. आमच्या टीव्हीवर हे कुणी सांगितलं नाही.

माझी आत्या तेव्हा पंचेचाळिशीची. तिने बाथरूममध्ये ठेवायचा काटा आणवला, पहाटे साडेपाचला मेहरूण तलावावर फिरायला जायला लागली (आमच्याकडे उन्हाळ्यात सातनंतर चालणं म्हणजे शिक्षा). दोन महिन्यांत सव्वादोन किलो कमी झालं. आज कुठलाही डॉक्टर म्हणेल, छान चाललंय. आत्याने मात्र कार्यक्रमात कुणाचे तरी एका आठवड्यात त्याहून जास्त उतरलेले पाहिले आणि म्हणाली, "माझ्यात जिद्दच नाही रे." काटा पलंगाखाली गेला, फिरणंही बंद झालं.

मला राग येतो तो या 'जिद्द' शब्दाचा. आत्याच्या घरी आठ माणसं. दोन्ही वेळचा स्वयंपाक तिचा, तर्रीची शेवभाजी, तुपात बुडवलेली बट्टी, थंडीत पऱ्हाट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत. आखाजीला खापरावरचे मांडे आणि रस, तेही आल्यागेल्याला आग्रह करकरून. चव बघितल्याशिवाय वाढणार कशी? टीव्हीवरच्या स्पर्धकांना कुणासाठी कणीक मळायची नव्हती. तुलना मात्र थेट आकड्याशी झाली.

२०१२ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही लोकांना या कार्यक्रमाचा ४० मिनिटांचा भाग दाखवला, काहींना निसर्गावरचा कार्यक्रम. पहिल्या गटात जाड माणसांबद्दलची नावड वाढली, आणि वजन हे पूर्णपणे ज्याच्या त्याच्या हातात असतं ही समजूतही. जाड माणूस हे बघतो तेव्हा नावड कुणाबद्दल वाढत असेल?

मग २०१६. केविन हॉल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी आठव्या पर्वातल्या १४ स्पर्धकांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो गेले होते, त्यातले ४१ परत आलेले. चौदापैकी तेराजणांचं वजन पुन्हा वाढलेलं, चारजण तर आधीपेक्षाही जड. खरा धक्का पुढेच आहे. स्वस्थ बसल्या बसल्या त्यांचं शरीर जेवढं जाळायला हवं त्याहून दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. म्हणजे ढोबळमानाने अडीच भाकरी! पोट भरल्याची जाणीव देणारं लेप्टिन हे संप्रेरक स्पर्धेअखेर जवळजवळ संपलेलं, आणि सहा वर्षांनीही पूर्ववत झालेलं नव्हतं. त्यात पर्वाचा विजेता डॅनी केहिलही होता, १९५ वरून ८७ किलोवर आलेला. जिद्दीत तो नक्कीच कमी नव्हता.

कार्यक्रम २०१६ मध्येच मूळ वाहिनीवरून उतरला, २०२० मध्ये एका पर्वापुरता परतला. आपल्याकडे तोवर काटा मोबाईलमध्ये शिरला होता. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानावरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मांडलेलं दोनच वेळा जेवणं एकीकडे, ऋजुता दिवेकरांचं थोडं थोडं खाणं दुसरीकडे. २०१८ च्या सुमारास आमच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर यावरून अक्षरशः दोन पक्ष पडले. कोणतं बरोबर यात मी पडत नाही. पण दर रविवारी सगळ्यांनी वजनाचा आकडा टाकायचा, ही पद्धत कुठून आली ते मला ओळखू आलं. ज्यांचं वाढायचं ते त्या दिवशी गप्प असायचे.

हॉल यांच्या अभ्यासाची बातमी मी आत्याला वाचून दाखवली होती. तिने ते ५०० कॅलरींचं वाक्य दोनदा वाचायला लावलं. मग विचारलं, "म्हणजे त्या जिंकलेल्याचंही परत वाढलं?" हो म्हटलं. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "बिचारा." हल्ली गुडघे परवानगी देतील तेव्हा ती तलावावर जाते, मैत्रिणींबरोबर, अर्धा वेळ बाकावर बसून. काटा घरातच आहे. परदेशी निघालेल्या नातवंडांच्या बॅगा त्यावर मोजतात.