आज्ञावलीकारांचे शिक्षण : कुलाब्यापासून टेंभलीपर्यंत

महाराष्ट्रातील संगणक-व्यवसायाचा इतिहास लिहावयाचा म्हटले की लेखक बहुधा दोन गोष्टींकडे वळतात : कंपन्यांच्या स्थापनेच्या तारखा आणि निर्यातीचे आकडे. या दोहोंचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. परंतु आज्ञावली लिहिणारा माणूस त्या विद्येत तयार कसा झाला, पहिल्या वर्षी त्याला काय येत नव्हते, दहाव्या वर्षी काय येऊ लागले, आणि ते त्याला कोणी शिकविले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सुताराच्या, कासाराच्या किंवा कुलकर्ण्याच्या विद्येविषयी असा प्रश्न विचारण्याची सवय आपल्या सामाजिक इतिहासाला आहे. संगणकाच्या विद्येविषयी ती अद्याप लागावयाची आहे. व्यवहारात ज्यास प्रोग्रॅम किंवा सॉफ्टवेअर म्हणतात त्यास येथे आज्ञावली म्हटले आहे, व तिच्या कर्त्यास आज्ञावलीकार.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, या धंद्यात त्या त्या काळी जी वस्तू दुर्मिळ होती तिनेच शिक्षणाची रीत ठरविली. हे विधान मुंबई-पुण्याच्या इतिहासावरून करता येते. पण ते कसोटीला लावावयाचे तर त्या शहरांपासून दूर जावे लागते. यासाठी नंदुरबार जिल्हा निवडला आहे. 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा झाला. 2011 च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या 16,48,295 होती. तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे 69 टक्के, आणि साक्षरतेचे 64 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. अशा जिल्ह्याचा संगणकाच्या इतिहासाशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो लहानसहान नाही. परंतु त्याकडे येण्यापूर्वी आरंभीच्या काळाकडे पाहणे अवश्य आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखाली संगणक बांधण्याचे काम 1950 च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. प्रायोगिक यंत्र 1956 मध्ये चालू झाले, पूर्ण यंत्र 1960 मध्ये. आणि 1962 मध्ये त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण झाले. सुमारे 2,700 निर्वात नलिकांचे हे यंत्र पूर्ण होईपर्यंत परदेशांत ट्रान्झिस्टरची यंत्रे येऊ लागली होती, म्हणून त्यास जन्मतः जुने म्हणणारे आहेत. शिक्षणाच्या इतिहासात मात्र त्याचे स्थान निराळे आहे. ते बांधणाऱ्या तरुणांपैकी बहुतेकांनी तत्पूर्वी संगणक वापरलाही नव्हता. यंत्राची स्मृती केवळ 2,048 शब्दांची. तीत आज्ञावली बसवावयाची तर प्रत्येक आज्ञेची किंमत जाणावी लागे. आणि आज्ञा लिहावयाच्या त्या यंत्राच्याच भाषेत. यंत्र बांधणारा आणि आज्ञावली लिहिणारा यांत भिंत नव्हती. चूक आज्ञेत आहे की नलिकेत, हे ठरविण्यासाठी दोन्ही शास्त्रे अवगत असणे भाग होते.

याच संस्थेत 1964 मध्ये सी.डी.सी. 3600 हे अमेरिकन बनावटीचे मोठे यंत्र आले व देशातील इतर संस्थांचे संशोधकही त्याचा उपयोग करू लागले. आता फोरट्रान ही भाषा होती, त्यामुळे यंत्राच्या अंतरंगाशी परिचय नसलेल्या माणसालाही आज्ञावली लिहिता येऊ लागली. पण यंत्र एक आणि उमेदवार अनेक. छिद्रपत्रांचा गठ्ठा खिडकीवर द्यावयाचा आणि उत्तराची वाट पाहावयाची, अशी त्या युगातील सर्वच मोठ्या यंत्रांची रीत. एका पत्रावर एक ओळ. एका ओळीत एक स्वल्पविराम चुकला की सारा खटाटोप वाया, आणि पुन्हा रांग. परिणामी माणसे आज्ञावली प्रथम कागदावर चालवून पाहात. पेन्सिल घेऊन, प्रत्येक चलाचे मूल्य समासात मांडीत, आपणच यंत्र होऊन ओळीमागून ओळ जात. शक्य तर शेजाऱ्याकडून वाचून घेत, कारण स्वतःची चूक स्वतःस दिसत नाही हा अनुभव लेखनात जितका खरा तितकाच येथेही. त्या पिढीच्या विचारातील नेमकेपणाची वाखाणणी पुष्कळ होते. आम्हांस वाटते की, हा गुण स्वभावाचा नव्हता; तो यंत्राच्या टंचाईने लावलेला होता.

1968 मध्ये मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही संस्था निघाली आणि लवकरच फ. चं. कोहली यांच्याकडे तिची धुरा आली. संगणकशास्त्राची स्वतंत्र पदवी त्या काळी आपल्याकडे नव्हतीच. त्यामुळे विद्युत, यंत्र, गणित अशा विषयांचे पदवीधर घेऊन त्यांना कामावरच तयार करणे हा एकच मार्ग होता. या काळात परकीय चलनाची टंचाई होती. यंत्र आयात करावयाचे तर त्या बदल्यात निर्यातीची हमी द्यावी लागे. 1974 च्या सुमारास बरोज या अमेरिकन कंपनीसाठी हाती घेतलेले काम या दृष्टीने अभ्यसनीय आहे. रुग्णालयांच्या हिशेबाची एक आज्ञावली बरोजच्या एका यंत्राच्या कोबोल भाषेतून दुसऱ्या यंत्राच्या कोबोलमध्ये न्यावयाची होती. बरोजचे यंत्र अद्याप हाती नव्हते. होते ते आय.सी.एल. 1903 हे ब्रिटिश यंत्र. तेव्हा काम त्याच यंत्रावर सुरू केले, आणि त्यावर लिहिलेले बरोजच्या यंत्राला समजेल असे करून देणारी दुसरी एक आज्ञावली रचली. आज्ञावलीवर काम करणारी आज्ञावली लिहिणे ही या विद्येतील वरची पायरी समजतात. ती येथे कोणी अभ्यासक्रमात ठेवली म्हणून चढली गेली नाही, तर आयात परवान्याच्या विलंबाने चढावी लागली. 1972 मध्ये याच कंपनीत आज्ञावलीकार म्हणून रुजू झालेले एस. रामदुरै हे 1996 मध्ये तिचे प्रमुख झाले, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

1978 मध्ये आय.बी.एम. कंपनीने भारतातून काढता पाय घेतला. तिची यंत्रे येथेच राहिली आणि त्यांची देखभाल कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेकडे आली. कर्ता निघून गेलेल्या यंत्राची देखभाल हेही एक विद्यालयच होते.

त्याच वर्षी पवई येथील भारतीय तंत्रशास्त्र संस्थेतून पदवी घेतलेले नंदन निलेकणी मुंबईत पटणी यांच्या संगणक कंपनीत नोकरीस लागले. तेथे नारायण मूर्ती त्यांचे वरिष्ठ होते. या व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2 जुलै 1981 रोजी इन्फोसिसची नोंदणी केली ती पुण्यात, आणि दोनेक वर्षांत कंपनी बंगळूरला गेली. ही हकिकत सर्वांस ठाऊक आहे. आम्हांस तीत एवढेच पाहावयाचे आहे की, शिकणारा आणि शिकविणारा एकाच खोलीत, एकाच कामावर होते. ज्या साखळीचे हे एक कडे आहे तिचे दुसरे टोक बत्तीस वर्षांनी नंदुरबार जिल्ह्यात निघाले.

पुढील वीस वर्षांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. 1984 च्या संगणक-धोरणाने आयात सैल झाली, 1988 मध्ये पुण्यात विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅक निघाले, आणि 1990 मध्ये सॉफ्टवेअर तंत्रज्ञान पार्कांच्या पहिल्या तुकडीत पुण्याचे नाव आले. यंत्र स्वस्त झाले, काम मुबलक झाले, शिकवणीवर्ग गल्लोगल्ली निघाले. मुंबईच्या जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राचे वर्ग व परीक्षा यांचा दर्जा उच्च होता. सर्वांचा तसा नव्हता. शतकाच्या अखेरीस सन 2000 चा प्रश्न उद्भवला. जुन्या आज्ञावल्यांत वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत, त्यामुळे 1900 आणि 2000 यांत भेद राहीना. हजारो तरुणांनी या निमित्ताने दुसऱ्यांनी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी लिहिलेल्या कोबोलच्या ओळी वाचून काढल्या. या कामास हलके समजण्याची प्रथा आहे. मोडी दफ्तर वाचण्यात उमेदीची वर्षे घालविलेल्या आमच्यासारख्यांना ते मत मान्य होणे कठीण आहे. परक्याचे जुने लिखाण, त्याचा हेतू ओळखून, त्यास धक्का न लावता दुरुस्त करणे यापरते शिक्षण कोणते?

आता नंदुरबारकडे. महाराष्ट्रात 1983 पासून खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी मिळू लागली आणि हे शिक्षण तालुक्यांच्या गावांपर्यंत पोचले. शहाद्यासही असे महाविद्यालय आहे. 1990 मध्ये जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाले. 2001 मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले व त्याचा एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम मराठीतूनही उपलब्ध झाला. शासकीय नोकरीसाठी संगणक-ज्ञानाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्यावर त्यास विद्यार्थ्यांचा तोटा राहिला नाही. या अभ्यासक्रमाचे श्रेय कमी करू नये. घरी पावरी, शाळेत मराठी आणि पडद्यावर इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढणाऱ्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या मुलाला त्याने संगणकापुढे बसविले. पण त्याने शिकविला तो संगणकाचा वापर. संगणकासाठी लिहिणे ही निराळी विद्या आहे, जशी बैलगाडी हाकणे आणि बैलगाडी घडविणे. संस्थांची संख्या मोजून विद्येचा प्रसार मोजणाऱ्या अभ्यासकाची येथे फसगत होते.

दिनांक 29 सप्टेंबर 2010 रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग व सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. ते देणाऱ्या प्राधिकरणाचे अध्यक्ष निलेकणी होते, आणि त्याचे तंत्रकेंद्र बंगळूरला होते. हा क्रमांक बारा अंकी असतो. त्याचे पहिले अकरा अंक एकदा ठरले की बारावा अंक त्यांवरून गणिताने निघतो. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट पडले तर बारावा अंक जुळत नाही व चूक तत्काळ कळते. ही रीत व्हरहूफ या डच गणितज्ञाने 1969 मध्ये प्रसिद्ध केली. जेथे संपर्क-व्यवस्था नाही तेथेही काम अडू नये म्हणून नोंदणीची आज्ञावली जोडणीविना चालेल अशी रचली होती. माहिती गुप्त रूपात बांधून ठेवावयाची आणि मागाहून पाठवावयाची. मातीत व दगडात राबणाऱ्यांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, म्हणून डोळ्यांतील बुबुळांच्या पडद्याची नोंदही घेतली गेली. म्हणजे टेंभलीसारख्या गावांची परिस्थिती त्या आज्ञावलीच्या रचनेत प्रत्यक्ष उतरली होती.

परंतु तिची रचना करताना शिकले कोण? झिजलेल्या बोटांमुळे येणारी अडचण प्रथम पाहिली ती नोंदणी करणाऱ्याने. तिच्यावर उपाय लिहिण्याची संधी मिळाली ती बंगळूरच्या अभियंत्याला. नोंदणी करणाऱ्यास परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागे, मात्र आज्ञावलीचा मजकूर त्याच्या पुढ्यात कधी येत नसे. अडचण एका ठिकाणी आणि तिच्यापासून मिळणारे शिक्षण दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी आहे. 1960 च्या दशकात कुलाब्याला जे दोन हात एकाच माणसाचे होते ते येथे शेकडो मैलांनी वेगळे झाले.

यावर असे उत्तर देण्यात येते की, आता पुस्तके, व्याख्याने आणि जगातील उत्तमोत्तम आज्ञावल्यांचा मजकूर कोणासही घरबसल्या मिळतो. हे खरे आहे, आणि नंदुरबारच्या विद्यार्थ्याला 1964 च्या संशोधकापेक्षा कितीतरी अधिक यंत्र उपलब्ध आहे हेही खरे. तथापि आज्ञावलीकार वाढतो तो दोन गोष्टींनी : आपले लिखाण दुसऱ्याने वाचल्याने, आणि आपणच लिहिलेले वर्षानुवर्षे चालवावे लागल्याने. तीन महिन्यांच्या वर्गात लिहिलेली आज्ञावली परीक्षा संपताच मरते; ती जुनी होत नाही, म्हणून तिच्या कर्त्याला तिचे दोष भेटत नाहीत. वर्षानुवर्षे चालणारी कामे पुण्या-मुंबईस आहेत, म्हणून विद्यार्थी रात्रीच्या गाडीने तिकडे जातो. त्यातही आता आज्ञावली लिहून देणाऱ्या आज्ञावल्या निघाल्या आहेत, आणि त्या प्रथम करू लागल्या आहेत ते नवशिक्याच्या वाट्याचे किरकोळ काम. ज्या कामावर आधीच्या पिढ्या चुकतमाकत शिकल्या तेच हे काम होय.

शेवटी साधनांविषयी. इतिहासाचार्य राजवाडे यांनी 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. घरोघरच्या माळ्यांवरील दफ्तरे वाळवीच्या तोंडून सोडविणारा हा पुरुष 1926 मध्ये धुळ्यास निवर्तला, आणि त्याचा संग्रह तेथील संशोधन मंडळात आहे. आज्ञावलीकारांच्या छिद्रपत्रांना व समासात मूल्ये मांडलेल्या कागदांना असा कोणी राजवाडे भेटला नाही. त्यांपैकी बहुतेक रद्दीत गेले असावेत. पुढच्या काळाची स्थिती बरी आहे. 2005 मध्ये निघालेल्या गिटसारख्या साधनांत प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद आपोआप राहते. एखाद्या नवशिक्याची ओळ वरिष्ठाने का परत पाठविली हेही पुष्कळदा तेथे वाचावयास मिळते. शिक्षणाच्या इतिहासाचे इतके तपशीलवार साधन कोणत्याही कारागिराने मागे ठेवलेले नाही. मात्र जेथे आज्ञावली लिहिली जाते तेथेच ते तयार होते. नंदुरबार जिल्ह्यातील नोंदणी करणाऱ्यांनी आणि वर्गचालकांनी काय पाहिले, कोठे अडले, कोणती युक्ती काढली, याची अशी नोंद कोठेही आपोआप होत नव्हती. 2010 मध्ये विशी-पंचविशीत असलेली ती माणसे आज मध्यमवयात आहेत, आणि त्यांच्याकडे जाऊन विचारण्याचे काम एखादा पदव्युत्तर विद्यार्थी एका उन्हाळ्यात करू शकेल. त्याने जाताना पावरी जाणणारा सोबती न्यावा.