किल्लीपेटी आणि परवलीचा शब्द : कीस्टोअर फाइलीच्या इतिहासातील एक प्रश्न

संगणकीय गुप्तलेखनाचा इतिहास बहुधा गणिती पद्धतींचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्या पद्धतींच्या किल्ल्या कोठे ठेवल्या गेल्या, हा प्रश्न त्यात मागे पडतो. वस्तुतः किल्ली कितीही लांब असो. ती जिच्यात ठेवलेली असते ती कीस्टोअर फाइल पुष्कळदा माणसाच्या स्मरणात मावेल अशा परवलीच्या शब्दानेच बंद केलेली असते. या पेटीचे बळ कशावर अवलंबून राहिले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या विचाराचे मूळ कीस्टोअरच्याही पूर्वीचे आहे. रॉबर्ट मॉरिस व केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली युनिक्स प्रणालीतील परवलीच्या शब्दांविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तपासलेल्या ३,२८९ शब्दांपैकी २,८३१ शब्द फार आखूड, अतिसोपे किंवा कोशात सापडणारे निघाले. यावर योजलेल्या उपायांत दोन प्रमुख होते: प्रत्येक शब्दास 'सॉल्ट' नावाच्या यदृच्छ अंकांची जोड देणे, आणि डीईएसची क्रिया २५ वेळा करणे. शब्द बळकट होत नसेल, तर शोधणाऱ्याचा वेळ खर्ची पडावा, हे त्यामागील तत्त्व.

हे तत्त्व पुढे सर्वत्र पाळले गेले नाही. १९९८ साली आलेल्या जावा १.२ मधील जेकेएस फाइलीत किल्ली एसएचए-१ पासून काढलेल्या अंकप्रवाहाने झाकली जाई. तेथे सॉल्ट होता. विलंब मात्र नव्हता. फाइलीच्या अखंडत्वाच्या खुणेत 'मायटी ॲफ्रोडाइटी' हे शब्द मिसळलेले असत. परंतु ते प्रोग्रॅममध्येच लिहिलेले असल्याने गुप्ततेत काही भर पडत नव्हती. जेसीईकेएस या दुसऱ्या प्रकारात तिहेरी डीईएस आले, तरी आवर्तने अवघी २०, म्हणजे जुन्या युनिक्सहूनही कमी. २००० साली प्रसिद्ध झालेल्या पीकेसीएस क्रमांक ५ च्या आवृत्तीने मात्र किमान १,००० आवर्तनांची शिफारस केली होती.

आणखी एक गैरसमज येथे नोंदवला पाहिजे. जावाच्या कीटूल या साधनात खासगी किल्ली बाहेर काढण्याची आज्ञा नव्हती. म्हणून ती बाहेर निघतच नाही, असे वाटणे स्वाभाविक होते. तथापि परवलीचा शब्द ठाऊक असणाऱ्यास फाइल उघडणे, नोंदीतील किल्ली मागणे व तिचे अंक लिहून घेणे एवढे काम करणारा चार-सहा ओळींचा प्रोग्रॅम पुरेसा होता. २००६ च्या जावा ६ ने तर पेटीचे पीकेसीएस क्रमांक १२ मध्ये रूपांतर करण्याची सोय स्वतःच दिली. आज्ञेचा अभाव म्हणजे संरक्षण नव्हे.

२०१७ साली दोन सुधारणा झाल्या. जावा ९ ने पीकेसीएस क्रमांक १२ हा प्रकार प्रमाण मानला, आणि जेसीईकेएसची आवर्तने २० वरून २,००,००० झाली. ही दहा हजार पटींची वाढ म्हणजे दरम्यानच्या काळात वाढलेल्या यंत्रवेगाची कबुलीच होय. परंतु हा लाभ पुन्हा लिहिलेल्या फाइलींनाच मिळतो. कोणी पूर्वीच नकलून नेलेली पेटी २० आवर्तनांचीच राहते, आणि तिच्यावर चालणारी यंत्रे मात्र दरवर्षी अधिक वेगवान होतात. तेव्हा जुन्या पेटीला नवे कुलूप लावून भागत नाही. आतील किल्ल्याच बदलाव्या लागतात. पेटीचे बळ हे ती लिहिली गेली त्या वर्षीच्या अंदाजाचे बळ असते, हाच या इतिहासाचा निष्कर्ष आहे.