रफीक: वाळवंटातल्या वाटाड्याची कुळकथा

  गोंदियाच्या भागात ‘सफारी’ म्हटले की आधी नागझिऱ्याचे जंगल आठवते: भल्या पहाटेचा गारठा, फाटकावरची नोंद, उघडी जिप्सी आणि पुढच्या बाजूला बसलेला गाईड. अलीकडे दुसरी सफारीही घरोघरी पोहोचली आहे. आखातात नोकरीला गेलेला भाचा किंवा जावई दुबईहून तिचे व्हिडिओ पाठवतो. वाळूच्या टेकड्यांवरून उसळणारी लँड क्रूझर, उंटाची फेरी, काळा तंबू, चोचीच्या भांड्यातून ओतलेली कॉफी आणि रात्रीचे जेवण. ‘बेदुईन जीवनाचा अनुभव’ असे त्याला नाव असते.

जंगलातली आणि वाळूतली या दोन सहली एकमेकींपासून फार दूरच्या वाटतात. पण दोघींच्या मुळाशी एक जुना नियम आहे: दुसऱ्याच्या मुलखात शिरायचे असेल तर त्याच मुलखातला माणूस बरोबर हवा. वाळवंटात हा नियम कसा रुजला, कसा मोडला आणि कुठे टिकला, याची ही कुळकथा.

शब्दाचा प्रवास थोडक्यात सांगतो. अरबीत सफर म्हणजे प्रवास. मुसाफिर त्याच धातूचा. फारसीच्या वाटेने हे दोन्ही शब्द मराठीत आले. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरब व्यापाऱ्यांचे तांडे जात, तिथल्या स्वाहिली भाषेत सफरची सफारी झाली. 19व्या शतकाच्या मध्यावर रिचर्ड बर्टनसारख्या प्रवाशांनी ती इंग्रजीत नेली, पुढे शिकाऱ्यांनी उचलली, मग वन्यजीव पाहणाऱ्यांनी. आज ती नागझिऱ्याच्या फाटकावर आहे, आणि ‘डेझर्ट सफारी’ होऊन आपल्या अरबी माहेरीही परतली आहे.

आता मूळ प्रथा. अरबस्तानच्या वाळवंटात शतकानुशतके पोलीस नव्हते, कचेरी नव्हती. विहिरी आणि चराईची राने टोळ्यांमध्ये वाटलेली असत. परक्या टोळीच्या हद्दीत सापडलेला माणूस लुटला जाणे ही नेहमीची बाब होती. अशा मुलखातून सुखरूप जायचे तर त्या टोळीतला एक माणूस सोबत घ्यावा लागे. उत्तर अरबस्तानात त्याला रफीक म्हणत, दक्षिणेत रबिया. तो रस्ता दाखवी, पाण्याच्या जागा सांगी. पण त्याचे खरे काम वेगळे होते. समोरून घोडेस्वारांची टोळी चालून आली की तो पुढे होऊन आपले कूळ सांगे आणि ‘ही माणसे माझ्या जबाबदारीवर आहेत’ असे जाहीर करी. त्यानंतर प्रवाशाला हात लावणे म्हणजे रफीकच्या अब्रूला हात लावणे. रफीकने स्वतःच दगा दिला तर त्याचे नाव टोळ्याटोळ्यांत काळे होई, त्याच्या शब्दावर पुन्हा कोणी पाणीसुद्धा पीत नसे. या सोबतीचा मोबदला ठरलेला असे आणि तो घेण्यात त्याला कमीपणा वाटत नसे. प्रवासी पैसे देई ते हमीचे.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर हजच्या तांड्यांत दिसते. दमास्कसहून मक्केला निघणाऱ्या तांड्यासाठी ऑटोमन सरकार वाटेतल्या टोळ्यांना दरवर्षी रक्कम देई. ती लाच होती असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. ज्यांच्या विहिरींवर हजारो माणसे आणि उंट पाणी पिणार, त्यांचा तो हक्क होता. रक्कम थकली, वर दुष्काळ पडला की काय होई, हे 1757 साली दिसले. हजहून परतणाऱ्या तांड्यावर बनी सख्र टोळीने हल्ला केला आणि यात्रेकरूंचा मोठा संहार झाला.

युरोपातले हौशी प्रवासी आले तेव्हा त्यांनाही याच रीतीने जावे लागले. 1812 साली योहान बुर्कहार्ट नावाचा स्विस माणूस शेख इब्राहिम बनून पेट्रा या प्राचीन शहराच्या घळीत शिरला, तेव्हा हारून पैगंबराच्या कबरीपाशी बकरा कापायचा नवस त्याने पुढे केला होता. पण सोबत स्थानिक वाटाड्या होताच. 1830च्या दशकात कैरोहून सिनाईमार्गे पेट्राला जाणाऱ्यांची रीतच पडून गेली. तोवारा टोळीचे उंट आणि माणसे अकाबापर्यंत. तिथे त्यांची हद्द संपे. पुढे अलाविन टोळीच्या शेखाशी नवा करार, नवे उंट, नवे सोबती. चित्रकार डेव्हिड रॉबर्ट्स 1839 मध्ये असाच पेट्राला पोहोचला. 1869 साली सुवेझचा कालवा उघडला, त्याच वर्षी टॉमस कुकने इजिप्त आणि पॅलेस्टाइनच्या सहली सुरू केल्या. तंबू, खाटा, स्वयंपाकी सगळे कंपनीचे आणि पुढे दुभाषा. तरीही टोळीची हद्द लागली की शेखाचा माणूस घ्यावाच लागे. मार्गदर्शित वाळवंटी सहलीचा जन्म मी या दशकांत धरतो: रफीकचे जुने बंधन आणि कुकची नवी पावती एकत्र आली ती इथे.

हद्दीवर वाटाड्या बदलण्याची ही रीत वाचताना मराठी वाचकाला आपला गावगाडा आठवायला हवा. आपल्याकडेही वाटसरूला किंवा सरकारी माणसाला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत पोहोचवणे हे ठरलेले काम होते आणि ते महार वतनदाराकडे असे. गावाची शीव त्याच्याइतकी कुणालाच ठाऊक नसे; शिवेचा तंटा पडला तर त्याचा शब्द मानला जाई. ज्ञान तेच, काम तेच. पण मान? रफीक जमीन आणि पाणी असलेल्या टोळीचा माणूस होता, त्याला नाही म्हणता येत होते. आपल्या वाटाड्याला रात्री-अपरात्री हाक आली की उठावे लागे, आणि बदल्यात तुटपुंजे बलुते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले ते याच राबवणुकीविरुद्ध. ही वतने कायद्याने जायला 1958 उजाडले. वाट दाखवणाऱ्याच्या हातात वाट किती आहे, यावर त्याची प्रतिष्ठा ठरते. वाळवंटातल्या सहलीचा पुढचा इतिहासही याच कसोटीवर पाहावा लागतो.

अरबस्तानात रफीकचे राज्य संपले ते 20व्या शतकात. इब्न सौदने टोळ्यांच्या लुटी आणि त्यांचे संरक्षणकर बंद पाडले, 1932 मध्ये सौदी राज्याची घोषणा केली. आता परवाना राजाचा लागू लागला. हा बदल विल्फ्रेड थेसिजर या इंग्रज प्रवाशाच्या भटकंतीत स्पष्ट दिसतो. टोळधाडीच्या संशोधनाचे निमित्त करून तो 1946 ते 1948 दरम्यान ‘रुब अल खाली’ हे अफाट वाळवंट दोनदा ओलांडून गेला. सोबत रशीद टोळीचे तरुण, बिन कबिना आणि बिन घबैशा. प्रत्येक टप्प्यावर कोणत्या टोळीचा रबिया मिळेल, याचा घोर त्यांना लागलेला असे. दुसऱ्या खेपेला ते सगळे तहान, भूक, शत्रुटोळ्या यांतून निभावून सुलैयिल गावी पोहोचले आणि तिथे राजाच्या हुकमाने अडकवले गेले. सुटका झाली ती राजाच्या दरबारातल्या फिल्बी या इंग्रजाच्या रदबदलीने. जिथे एका पोराचा शब्द पुरत होता, तिथे आता दरबारातली ओळख लागली. थेसिजरचे ‘अरेबियन सँड्स’ हे पुस्तक 1959 साली आले तेव्हा तेलाच्या पैशाने आणि मोटारींनी ते जग जवळजवळ संपवले होते.

आता दुबईच्या त्या सहलीकडे परत वळू. तिच्यातली जवळपास प्रत्येक वस्तू एकेकाळी कायदा होती, म्हणून तिचे कूळ नीट पाहायला हवे.

काळा तंबू घ्या. अरबीत त्याला ‘बैत अल शअर’, म्हणजे केसांचे घर म्हणतात. शेळीच्या केसांचे सूत कातून, जमिनीवर मांडलेल्या मागावर लांब पट्ट्या विणून बायकाच तो तयार करत. वीण विरळ, त्यामुळे उन्हात वारा खेळतो. पाऊस पडला की केस फुगतात आणि वीण घट्ट होते. आत एक विणलेला पडदा. एका बाजूला पाहुण्यांची आणि पुरुषांची बैठक, दुसऱ्या बाजूला घर आणि चूल. जिवावर बेतलेला माणूस धावत येऊन असा तंबू गाठू शकला तर तो त्या घराच्या आश्रयाला आला, मग पाठलाग करणारा कितीही बलवान असो.

कॉफीही तशीच. पाहुणा आल्यावर त्याच्यासमोर बिया भाजायच्या, खलात कुटायच्या. त्या कुटण्याच्या ठेक्यावरून शेजारच्या तंबूंना कळे की पाहुणा आला आहे. वेलदोडा घालून उकळलेली कॉफी दल्ला नावाच्या भांड्यातून ओततात. भांडे डाव्या हातात, पेला उजव्या हातात आणि पेल्यात घोटभरच. पुरे झाले की पाहुणा पेला हलवतो. अरबी कॉफीच्या या रीतीला युनेस्कोने 2015 मध्ये वारसा म्हणून मान्यता दिली. अन्न पोटात गेले की तीन दिवस यजमानाने पाहुण्याचे रक्षण करायचे, अशी रूढी होती. त्या जेवणात राखेत आणि निखाऱ्यांत पुरून भाजलेली भाकरी असे. आपल्या विदर्भातल्या रोडग्यांची ती सख्खी बहीण शोभेल.

आणि वाळूवरचे ठसे. अल मुर्रा टोळीचे लोक पावलांचे माग वाचण्यात इतके तरबेज की सौदी पोलिसांनी त्यांना चोर शोधायला नोकरीवर घेतले. हे कौशल्य मात्र संध्याकाळच्या सहलीत सहसा कुणी दाखवत नाही. तिथे त्याऐवजी बेली डान्स असतो. तो कैरोसारख्या शहरांच्या रंगमंचावर वाढला. बेदुईन बायकांच्या आयुष्याशी त्याचा संबंध नाही. गाडी चालवणारा बहुतेक वेळा पाकिस्तानातला किंवा आपल्याच देशातला कष्टकरी. त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण तो रफीक नाही, आणि सहल विकणारा त्या वाळूचा वारसही नाही. तंबू राहिला, कॉफी राहिली, उंट राहिला. ज्याच्या शब्दावर हे सगळे उभे होते तो माणूस गेला.

सगळीकडे असे झालेले नाही, म्हणून तर हे लिहावेसे वाटले. जॉर्डनमधल्या वादी रम खोऱ्यात झलाबिया टोळीचे शिकारी दोराशिवाय उभे कडे चढत. 1984 साली टोनी हॉवर्ड हा इंग्रज गिर्यारोहक तिथे आला आणि त्याने त्यांच्याच वाटा त्यांच्याच सोबतीने नोंदवल्या. आजही तिथे गाडी, तंबू, जेवण मुख्यतः स्थानिक टोळ्यांच्या हातात आहे. 2011 मध्ये वादी रमला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच देशात पेट्राची कथा कडू आहे. तिथल्या गुहांत राहणाऱ्या बदूल लोकांना 1985 साली उठवून उम्म सैहून या नव्या गावात बसवले. पेट्रा जागतिक वारशाच्या यादीत आले तेही त्याच वर्षी. पुढे त्यांच्या जगण्याच्या रीतीलाच युनेस्कोने वारसा ठरवले. घर रिकामे करवून घेऊन मग राहणीचा गौरव करणे मला पटत नाही.

सर्वांत सुंदर उदाहरण सिनाईचे. तिथल्या टोळ्यांनी 2015 मध्ये ‘सिनाई ट्रेल’ ही पायवाट स्वतः एकत्र येऊन उघडली. सुरुवातीला तीन टोळ्या होत्या, पुढे आठ झाल्या आणि वाट सुमारे 550 किलोमीटरची झाली. एका टोळीची हद्द संपली की वाटाड्या बदलतो आणि पुढच्या टोळीचा माणूस प्रवाशांना ताब्यात घेतो. अकाबाला उंट बदलणाऱ्या रॉबर्ट्सच्या काळातली रीत इथे जशीच्या तशी जिवंत आहे, आणि पैसा ज्याच्या हद्दीतून चालला त्याच्याकडे जातो.

आता परत आपल्या जंगलाकडे. नागझिऱ्याला 1970 साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. इथे गाईडशिवाय आत सोडत नाहीत, आणि चोरखमारा असो की पिटेझरी, गाईड बहुधा जंगलालगतच्या गावांतले असतात. धुळीतला ठसा ताजा की शिळा, चितळ ओरडले ते कशासाठी, हे त्यांना घरातच शिकायला मिळालेले असते. नियम वनखात्याचा असला तरी त्यामागचे शहाणपण रफीकच्या नियमाशी नाते सांगते. फरक एवढाच की जिप्सीत बसलेले आपण त्या माणसाला अजून नीट ओळखत नाही. वाघ दिसला नाही की राग त्याच्यावर निघतो, आणि त्याचे गाव कोणते हे विचारायचे राहून जाते.

तेव्हा आखाताचे तिकीट काढणाऱ्यांना एवढेच सांगणे: सहल ठरवताना जेवणात काय आहे हे विचाराल तसे वाट दाखवणारा कुठल्या टोळीचा, जमीन कुणाची आणि पैसे कुणाला जाणार, हेही विचारा. उत्तर मिळाले नाही तर त्या दिवसाचे पैसे राखून ठेवा आणि जॉर्डन किंवा सिनाईला जाता येईल तेव्हा तिथे खर्च करा. नागझिऱ्याच्या फाटकावर गाईड गाडीत बसला की आधी त्याचे नाव आणि गाव विचारा, मग वाघाचे.