कमी वापरातील मोटारगाडीचे सर्व्हिसिंग

कमी वापरातील मोटारगाडीचे सर्व्हिसिंग म्हणजे वर्षभरात फार थोडे अंतर धावणाऱ्या मोटारगाडीची ठरावीक काळाने केली जाणारी तपासणी व देखभाल होय. अशा गाडीचे सर्व्हिसिंग केव्हा करावे, हे केवळ धावलेल्या किलोमीटरांवरून ठरत नाही; मागील सर्व्हिसिंगपासून लोटलेला काळही तितकाच महत्त्वाचा असतो. म्हणून उत्पादकाच्या माहितीपुस्तिकेत बहुधा दोन मर्यादा दिलेल्या असतात. उदा. १०,००० किमी किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी पूर्ण होईल ते. वर्षाला २,००० किमी धावणाऱ्या गाडीच्या बाबतीत काळाची मर्यादा आधी पूर्ण होते. केवळ किलोमीटरांची वाट पाहिल्यास तिचे सर्व्हिसिंग पाच वर्षे लांबते.

काळाच्या मर्यादेमागील कारणे

इंजिन ऑइल : इंधनाच्या ज्वलनातून पाण्याची वाफ निर्माण होते. दोन-तीन किलोमीटरांच्या फेरीत इंजिन पुरेसे तापत नाही. त्यामुळे ही वाफ व न जळलेले इंधन बाहेर न पडता ऑइलमध्ये मिसळते. त्यातून ऑइलचा वंगणगुण घटतो. हवेच्या संपर्काने ऑइलचे ऑक्सिडीकरणही होत राहते. या कारणांमुळे सततच्या लहान फेऱ्यांची गणना अनेक माहितीपुस्तिकांत ‘खडतर वापर’ या प्रकारात केली जाते.

ब्रेक ऑइल : बहुतेक मोटारगाड्यांतील ब्रेक ऑइल ग्लायकॉलवर्गीय असून ते हवेतील बाष्प शोषून घेते. गाडी उभी असली तरी ही क्रिया थांबत नाही. ‘डॉट ४’ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे ३.७ टक्के पाणी मिसळल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. एरवी घराजवळच फिरणारी गाडी लांबचा घाट उतरताना सतत ब्रेक दाबल्याने ऑइल उकळू शकते. त्यात वाफेचे बुडबुडे झाले की पेडल खोल जाते आणि ब्रेक लागत नाहीत. म्हणून हे ऑइल साधारणतः दर दोन वर्षांनी बदलतात.

बॅटरी : गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म इत्यादींसाठी थोडी वीज खर्च होते. पूर्ण चार्ज झालेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब विश्रांतीनंतर सुमारे १२.६ व्होल्ट असतो. बॅटरी दीर्घकाळ उतरलेल्या स्थितीत राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो व तिचे आयुष्य घटते.

टायर व रबरी भाग : टायर झिजले नसले तरी रबर कालांतराने कडक होऊन त्याला भेगा पडतात. टायरच्या बाजूवरील चार अंकांवरून त्याचे वय कळते. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. इंजिनात रबरी टायमिंग बेल्ट असल्यास त्यालाही किलोमीटरांबरोबर वर्षांची मर्यादा असते.

निर्णयाची पद्धत

प्रथम मागील सर्व्हिसिंगची तारीख व त्या वेळचे किलोमीटर पाहतात. बारा महिने झाले असल्यास, अंतर कितीही कमी असले तरी, इंजिन ऑइल व ऑइल फिल्टर बदलून ब्रेक, बॅटरी, टायर आणि कूलंट यांची तपासणी करून घेणे योग्य ठरते. मात्र प्रत्येक सुटा भाग दरवर्षी बदलण्याची आवश्यकता नसते. स्पार्क प्लग, एअर फिल्टर व ब्रेक पॅड यांची स्थिती पाहून आणि पुस्तिकेतील तक्त्याशी ताडून निर्णय घेता येतो. वॉरंटीच्या काळात वेळेवर सर्व्हिसिंग करणे ही बहुधा एक अट असते.

पुढील लक्षणे आढळल्यास मुदतीची वाट पाहत नाहीत : इंजिन सुरू होण्यास विलंब, पेडल मऊ लागणे, गाडीखाली ऑइलचे डाग, सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतरही न थांबणारी ब्रेकची घरघर, तसेच उंदरांनी कुरतडलेल्या वायरी.

हवामानाचा परिणाम

कोकण व गोव्याच्या किनारपट्टीवर दमट, खारट हवेमुळे ब्रेकच्या चकत्या आणि गाडीचा तळ लवकर गंजतो. विदर्भातील कडक उन्हाळ्यात बॅटरी व रबरी भागांवर अधिक ताण येतो. त्यामुळे पावसाळ्यानंतर व उन्हाळ्यापूर्वी गाडीची पाहणी करणे उपयुक्त ठरते.

प्रचलित गैरसमज

‘उभी गाडी झिजत नाही’ हा समज अपुरा आहे. झीज कमी होते, परंतु द्रवपदार्थ व रबर यांचे वय वाढतच असते. रोज पाच मिनिटे इंजिन जागेवर सुरू ठेवण्यानेही फारसे साधत नाही. त्यात बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही आणि इंजिनात ओलावा साठतो. त्याऐवजी आठवड्यातून एकदा अर्धा तास गाडी रस्त्यावर चालवल्यास ऑइल तापते, ब्रेकवरील गंज निघतो व टायर एकाच जागी दबून राहत नाहीत. अशा फेऱ्या वार्षिक सर्व्हिसिंगला पूरक असतात, पर्याय नव्हेत.