इंजिनाची नाडी कोणी पाहावी?

यंत्राच्या पोटात काय चालले आहे हे जाणण्याची माणसाची धडपड यंत्राइतकीच जुनी आहे. आणि ते ज्ञान आपल्यापाशीच कोंडून ठेवण्याची मालकाची धडपडही तितकीच जुनी आहे. आज गॅरेजमधला एखादा पोरगा मोटारीच्या स्टिअरिंगखाली स्कॅनर जोडतो आणि चालत्या इंजिनाचे आकडे वाचू लागतो, त्यामागे या दोन्ही धडपडींचा इतिहास आहे. तो थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ वाफेच्या इंजिनापासून करावा लागेल. १७९६ च्या सुमारास जेम्स वॅटचा सहायक जॉन सदर्न याने चालत्या इंजिनाच्या सिलिंडरमधील दाब कागदावर उमटवणारे साधन तयार केले. दट्ट्याबरोबर फळी सरके, दाबाबरोबर पेन्सिल वरखाली होई, आणि वाफ कोठे वाया जाते हे त्या रेघेवरून कळे. वॅटच्या कारखान्याने हे साधन जवळजवळ पाव शतक गुपित ठेवले. १८२२ मध्ये त्याची माहिती छापून आली तेव्हा कोठे बाहेरच्या कारागिरांना त्याचा पत्ता लागला.

मोटारीच्या बाबतीत प्रथम असे गुपित नव्हते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फिएट, म्हणजे पुढची पद्मिनी, ही उघड्या स्वभावाची गाडी. बॉनेट उघडावे, कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवावा, प्लगचा रंग पाहावा, कान देऊन आवाज ऐकावा. मिस्त्रीला निदान होई. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. परंतु तिच्याबरोबरची विद्या त्याच्या कितीतरी आधीच मागे पडू लागली होती. पेट्रोल किती सोडायचे हे ठरविण्याचे काम स्क्रूकडून संगणकाकडे गेले, आणि संगणकाचा आवाज कानाला ऐकू येत नाही.

मग तो बोलका कसा झाला? कारखानदारांच्या औदार्याने नव्हे. कॅलिफोर्नियाच्या शहरांवर धुराचे पटल साचू लागले, तेव्हा तेथील हवा-मंडळाने १९८८ च्या गाड्यांपासून इंजिनाने आपला दोष आपणच नोंदवावा अशी सक्ती केली. तरीही जो तो कारखाना आपली खोबण आणि आपली भाषा निराळी ठेवी. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना सोळा टाचण्यांची एकच खोबण आणि दोषांचे समान क्रमांक लागू झाले. आपल्याकडे भारत स्टेज ४ च्या नियमांबरोबर एप्रिल २०१० पासून पहिला आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा टप्पा आला. तात्पर्य, ही खोबण लोकांच्या फुप्फुसांसाठी झालेल्या कायद्याने मिळालेली आहे.

आता तिच्यातून काय दिसते ते पाहू. इंजिनाचे फेरे, पाण्याचे तापमान, आत येणारी हवा, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्ट आणि पेट्रोलची दुरुस्ती, म्हणजे ठरल्या मापापेक्षा संगणक किती टक्के जास्त वा कमी पेट्रोल देत आहे, हे सारे क्षणोक्षणी दिसते. समजा, 'पी ०१७१' हा क्रमांक आला. याचा अर्थ मिश्रणात पेट्रोल कमी पडते, एवढाच. अर्धवट शिकलेला माणूस ऑक्सिजन सेन्सर बदलून मोकळा होतो आणि गिऱ्हाइकाचे हजारो रुपये जातात. जाणता मिस्त्री गाडी चालू ठेवून आकडे पाहतो. गाडी उभी असताना दुरुस्ती २० टक्क्यांवर आहे आणि रेस दिल्यावर ती खाली उतरते, तर बहुधा कोठेतरी नळी फुटून चोरटी हवा आत शिरत आहे. उलट उभी असताना सारे ठीक, पण आंबा घाटाच्या चढावर आकडा वाढत जातो, तर संशय पेट्रोलच्या पंपावर किंवा फिल्टरवर घ्यावा. क्रमांक एकच, रोग दोन! क्रमांक यंत्र देते, निदान माणसालाच करावे लागते. म्हणून स्कॅनर आला की मिस्त्री संपला, असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही.

मिस्त्रीला धोका आहे तो कुलपाचा. कायद्याने उघडी केलेली माहिती मुख्यतः धुराशी संबंधित. ब्रेक, एअरबॅग, चावीचे कोडिंग यांची माहिती पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या साधनाखेरीज पुरती मिळत नाही. या प्रश्नावर शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी निकाल दिला. सुटे भाग आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि ती खुली करण्याचा आदेश दिला. कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंड कमी केला, दोष मात्र कायम ठेवला. वॅटचे गुपित फुटायला पाव शतक लागले. आमचे भांडणही चटकन मिटणारे नाही.

या जिल्ह्याने मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली. माग मालकाचा आणि घाम आपला, हा व्यवहार रत्नागिरीच्या घराघराला ठाऊक आहे. निदान गॅरेजमध्ये तरी तो पुन्हा होऊ नये. पान्यांची पेटी मिस्त्रीच्या स्वतःच्या मालकीची असते, म्हणूनच तो कोणाच्या मेहेरबानीवर जगत नाही. चांगला स्कॅनर एकट्याला परवडत नसेल तर पाच गॅरेजांनी मिळून घ्यावा, आकडे वाचण्याचे वर्ग संध्याकाळी चालवावेत, आणि गाडीच्या मालकांनीही आपल्या गाडीचे आकडे पाहण्याचा हक्क मागावा. गाडी ज्याची, तिची नाडी पाहण्याचा वैद्य निवडण्याचा अधिकारही त्याचाच असला पाहिजे.