आरमार कोणी उभारलं, कोणी बुडवलं?

मराठा आरमाराचा अभिमान सगळेच सांगतात. पण आरमार उभं राहतं कसं आणि संपतं कसं, हे फारसं कोणी विचारत नाही. आमच्या मते याचं उत्तर कुणा एकाच्या शौर्यात नाही, राज्यसंस्थेच्या निर्णयात आहे.

१६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवरायांनी तिथे जहाजबांधणी सुरू केली. कामावर असलेल्या पोर्तुगीज कारागिरांना वसईच्या पोर्तुगीजांनी फितवून पळवलं, तरी काम थांबलं नाही. १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचं बांधकाम सुरू झालं. धर्मशास्त्राने द्विजांना समुद्रप्रवास निषिद्ध ठरवला होता. मग जहाजावर चढलं कोण? कोळी, भंडारी आणि मुसलमान. मायनाक भंडारी, दौलतखान ही नावं इतिहासात आहेत. सुतार-लोहारांची मात्र नाहीत.

पुढच्या काळातल्या 'आज्ञापत्रा'त धोरण स्पष्ट दिसतं. आरमाराचा खर्च बंदराच्या कमाईवर सोडू नये, मुलखाच्या महसुलातून नेमून द्यावा. नाहीतर व्यापाऱ्यांना उपद्रव होतो. लाकडासाठी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. म्हणजे खर्चाची जबाबदारी राज्याची, आणि त्याचा भार गरिबावर नाही.

आंग्र्यांनी विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे खडक फोडून शंभर मीटरहून लांब गोदी उभारली. पण १७५६ मध्ये पेशव्यांची फौज जमिनीवरून आणि इंग्रज समुद्रातून विजयदुर्गावर चालून गेले. आंग्र्यांचं आरमार जळून खाक झालं. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता, हे खरं. पण सरदाराला धडा शिकवताना राज्याचं समुद्रातलं बळच गेलं.

त्याच काळात मुंबईत काय चाललं होतं? ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडियांना आणलं आणि १७५० मध्ये सुकी गोदी बांधून घेतली. किनारा हाच, सागवानही इथलंच, हातही इथलेच. १८१७ मध्ये मुंबईत बांधलेलं 'त्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये तरंगतं आहे. पुढे लोखंडी आगबोटी आल्या आणि मोठी कामं ब्रिटनच्या कारखान्यांकडे गेली. मुंबईचे कारागीर एका रात्रीत अडाणी झाले नव्हते. निर्णय घेणारं सरकार त्यांचं नव्हतं.

१९६० मध्ये भारत सरकारने माझगाव डॉक ताब्यात घेतलं आणि १९७२ मध्ये तिथेच बांधलेली 'नीलगिरी' युद्धनौका नौदलात दाखल झाली. कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे बाबासाहेबांनी १९४७ मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये मांडलं होतं.

मित्रांनो, कौशल्य कुठल्याही जातीच्या रक्तात नसतं. ते शिकवावं लागतं, त्यासाठी पैसा लागतो, आणि राज्याने मागे उभं राहावं लागतं. म्हणून सरकारी कारखान्यातून सरकार अंग काढून घेतं तेव्हा प्रश्न फक्त नोकरीचा नसतो. पुढच्या पिढीला हे कौशल्य कोण शिकवणार आणि त्या गोदीच्या दारातून आत कोणाला घेतलं जाणार, हेही तेव्हाच ठरत असतं.